डबा आणायचा नाही: शिकागोच्या एका शाळेतल्या नियमाचं प्रकरण

जेवणाच्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मोठ्याने विचारलं, इथलं जेवण बरं नाही असं कुणाकुणाला वाटतं? भराभर हात वर झाले. आपापलं जेवण घरून आणायला मिळालं पाहिजे, असं पोरं एका सुरात म्हणू लागली. त्या वेळी भोजनगृहात ‘शिकागो ट्रिब्यून’चे बातमीदार हजर होते. ११ एप्रिल २०११ रोजी ही बातमी छापून आली आणि दोन दिवसांत अमेरिकाभर तिची चर्चा सुरू झाली.

शाळेचं नाव लिटल व्हिलेज अकॅडमी. शिकागोच्या पश्चिम भागातली, बालवर्गापासून आठवीपर्यंतची सरकारी शाळा. वस्ती मुख्यतः मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची. २६व्या रस्त्यावर स्पॅनिश स्वागताची कमान आहे, दुकानांच्या पाट्या स्पॅनिश आहेत, टॉर्टिया भाजणारी दुकानं आहेत. आपल्याकडे भाकरी-आमटी तशी या घरांत मक्याची टॉर्टिया आणि शिजवलेला घेवडा. या शाळेत नियम असा होता की घरून डबा आणायचा नाही. ॲलर्जी किंवा तब्येतीचं कारण असेल तर सूट, बाकी सगळ्यांनी शाळेत मिळेल ते जेवायचं. बातमी आली तेव्हा हा नियम नवा नव्हता, सुमारे सहा वर्षं चालू होता. शिकागोच्या शालेय प्रशासनाने सांगितलं की असे निर्णय मुख्याध्यापक आपापल्या शाळेची परिस्थिती पाहून घेतात. किती शाळांत डब्यावर बंदी आहे याची मोजदाद त्यांच्याकडे नव्हती.

मी मुलीच्या शाळेत पालक प्रतिनिधी आहे. दरवर्षी जूनमध्ये डब्याचा विषय निघतो आणि दरवर्षी सभा तासभर लांबते. म्हणून हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. यात नियम करणारी व्यक्ती वाईट नव्हती, आणि तरीही नियम चुकला. कुठे चुकला, ते नीट पाहण्यासारखं आहे.

मुख्याध्यापिकांची बाजू

आधी त्यांचं म्हणणं. मुलांना सहलीला नेलं होतं. दुपारी पिशव्या उघडल्या तेव्हा त्यातून सोड्याच्या, म्हणजे गोड शीतपेयांच्या, बाटल्या आणि लालभडक तिखट चिप्सची पाकिटं निघाली. ते पाहून त्यांनी नियम केला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की शाळेत दूध मिळतं आणि घरून कोक येतो. मग मुलाच्या भल्याचं काय, ते उघड आहे.

हे म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. त्या काळात अमेरिकेतली साधारण १७ टक्के मुलं लठ्ठ या गटात मोडत होती. आणि घरचा डबा म्हणजे पौष्टिक, हा आपला भाबडा समज आकड्यांपुढे टिकत नाही. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचे डबे तपासले. शाळेच्या जेवणाला जे पोषणाचे निकष लावले जातात ते सगळे पाळणारे डबे २००६ मध्ये १.१ टक्के निघाले, आणि दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा १.६ टक्के. शंभरातले दोनही नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनिया आणि टेक्सासमध्ये झालेल्या पाहण्यांतही हेच दिसलं: घरून आलेल्या जेवणात भाज्या कमी, गोड खाऊ जास्त.

लिटल व्हिलेजमधले सगळेच पालक नियमाच्या विरोधात होते, असंही नाही. शाळेतलं जेवण चांगलं असतं, घरून काय येईल यावर कुणाचा ताबा नसतो, असं म्हणणारे एक वडीलही त्या बातमीत होते.

तेव्हा ‘आईच्या हातचं’ एवढ्या दोन शब्दांनी हा वाद मिटत नाही. पण डब्यात पाकीट का जातं, तेही विचारायला हवं. त्यामागे आळस क्वचितच असतो. पाकीट स्वस्त असतं, सकाळी पाचला पाळीवर निघणाऱ्या बाईला ते भाजावं-शिजवावं लागत नाही, दुपारपर्यंत आंबत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते परत येत नाही. ज्या आईने संध्याकाळी दप्तरातून अर्धा भरलेला डबा काढला आहे, भाजीचा वास लागलेली पोळी कचऱ्यात टाकली आहे, तिला विचारा. निदान पोर उपाशी राहिलं नाही, हा विचार डब्यात चिप्स ठेवायला लावतो. मुख्याध्यापिकांनी पाकीट पाहिलं, ते बरोबरच पाहिलं. पाकिटामागची सकाळ त्यांच्या नियमात कुठे आली नाही.

त्याहून मोठी गोष्ट ही, की बंदी पाकिटावर आली नाही. बंदी अख्ख्या डब्यावर आली. ज्या आईने रात्रीच्या घेवड्याचा रोल करून दिला असता, तिच्यावरही आली.

ताटात काय वाढलं जात होतं

घरचं काढून घेतलं की त्याच्या जागी काय देतो याचा हिशेब शाळेला द्यावा लागतो. तो हिशेब इथे कच्चा आहे.

हा नियम झाला साधारण २००५ मध्ये. त्यानंतरची कितीतरी वर्षं शिकागोच्या शाळांच्या भोजनगृहांत नाचोज हा रोज मिळणारा पदार्थ होता. नाचोज म्हणजे तळलेल्या मक्याच्या चकत्या आणि वरून चीजचा पातळ सॉस. न्याहारीला डोनट असत. २०१० मध्ये शहराने आपल्या शाळांसाठी कडक पोषण-निकष जाहीर केले, तेव्हा कुठे रोजचे नाचोज आणि डोनट हटले. म्हणजे घरून चिप्स आणू नका, असं सांगणाऱ्या व्यवस्थेचा स्वतःचा मेनू पाच वर्षं त्याच वाटेवरचा होता.

याच शहरातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेने २०१० मध्ये एक काम केलं, ज्याचं मला फार कौतुक वाटतं. एके दिवशी तिचा डबा घरी राहिला म्हणून तिने शाळेतलं जेवण घेतलं आणि ती हादरली. मग तिने ठरवलं, वर्षभर रोज मुलं खातात तेच खायचं, फोटो काढायचे आणि नाव न सांगता लिहायचं. दीडशेहून अधिक जेवणं तिने अशी जेवली. प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केलेले, दुसरीकडे तयार होऊन इथे फक्त गरम केलेले पदार्थ. शिक्षक मुलांच्या ताटातलं खातच नव्हते, म्हणून त्यांना ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर असलेली गोष्ट कुणीच चाखली नव्हती.

पैशांचंही पाहा. त्या वर्षी केंद्र सरकार गरीब मुलाच्या एका मोफत जेवणामागे पावणेतीन डॉलरच्या आसपास देत होतं. त्यातून पगार, वाहतूक, वीज, भांडीकुंडी सगळं भागवायचं. प्रत्यक्ष अन्नाला उरतो एक डॉलर किंवा थोडा अधिक. एवढ्यात ताजी भाजी चिरून, फोडणी देऊन वाढणारं स्वयंपाकघर चालवणं कठीण असतं. त्यात निकषांची कागदी बाजू. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने पिझ्झावरच्या टोमॅटोच्या थोड्याशा लगद्यालाही भाजी म्हणून मोजायची सवलत कायम ठेवली. शालेय जेवणाचे निकष ठरवणाऱ्या शेती खात्याला ती बदलायची होती, पण काँग्रेसने ते होऊ दिलं नाही. अशा हिशेबाने भरलेलं ताट निकषात बसतं, हे सांगून कुणाच्या आईचं समाधान व्हावं?

आता कचऱ्याच्या पिंपाकडे. बातमीदार गेले त्या दिवशी लिटल व्हिलेजमध्ये कितीतरी मुलांनी जेवण घेतलं आणि बरंचसं तसंच टाकून दिलं. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच वाटते. ताटात वाढलेली भाजी, दूध, फळ कागदावर पोषण म्हणून लिहिलं जातं. पिंपात गेलेलं कुठेच लिहिलं जात नाही. घरून आलेला साधा ब्रेड-चीजचा डबा मुलाने संपवला आणि शाळेचं सर्व निकष पाळणारं ताट त्याने टाकलं, तर दुपारी गणिताच्या तासाला कुणाचं डोकं चालेल? आपल्याकडे म्हणतात ना, पोटात गेलं ते खरं.

वेळेचं तर कुणी बोललंच नाही. त्या काळी शिकागोच्या प्राथमिक शाळांचा दिवस देशातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात लहान होता, पावणेसहा तास. अनेक शाळांत जेवायला २० मिनिटं आणि खेळायची सुट्टी अशी नाहीच. त्या २० मिनिटांत रांगेत उभं राहायचं, ट्रे घ्यायचा, आवरणं फाडायची, दुधाची खोकी उघडायची. पहिलीतल्या मुलाची बोटं त्या आवरणांशी झुंजतात तेवढ्यात घंटा होते. घरचा डबा निदान उघडला की घास तोंडात. हे वाचताना मला माझी मधली सुट्टी आठवते. मातीत गोल करून बसायचं, मैत्रिणीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागायची, तिला आपली मेथी द्यायची, आणि हात धुवून घंटेपर्यंत लंगडी. तो पाऊण तास होता.

आणि पैसे. ज्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली होतं त्यांना जेवण मोफत किंवा अगदी थोड्या पैशांत होतं. बाकीच्यांना रोज २.२५ डॉलर. वर्षाचे शाळेचे पावणेदोनशे दिवस धरले तर एका मुलाचे चारशे डॉलरच्या घरात. दोन मुलं असली की आठशे. गरिबीच्या रेषेच्या जरा वर असलेल्या घराला, जिथे घरचा डबा जवळजवळ फुकट पडतो, हा नियम म्हणजे थेट खर्च होता. मूल ते जेवण टाकून देणार असेल तर तो खर्च आणखी झोंबतो.

ताटामागची बिलं

‘ट्रिब्यून’ने आणखी एक मुद्दा मांडला होता, ज्यावर लोकांनी लगेच ओरड केली. शाळांना जेवण पुरवणाऱ्या कंत्राटदाराला दर जेवणामागे ठरलेली रक्कम मिळत होती, आणि प्रत्येक मोफत जेवणामागे शालेय प्रशासनाला केंद्राकडून पैसे. डबे बंद केले की जेवणारी तोंडं वाढतात, बिल वाढतं. त्यामुळे बंदी कंत्राटदाराच्या फायद्यासाठी होती, असं काहींनी ठरवूनच टाकलं.

मला तसं वाटत नाही. मुख्याध्यापिकांच्या हेतूवर शंका घ्यावी असं मला या प्रकरणात काही दिसलं नाही. पण हिशेब मात्र खरा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो. इंग्लंडमध्ये २०१३ साली सरकारसाठी शालेय जेवणाचा आराखडा तयार झाला, तो लिहिला हेन्री डिंबलबी आणि जॉन व्हिन्सेंट या दोन हॉटेल व्यावसायिकांनी. त्यांना दिसलं की शाळेत जेवणारी मुलं फक्त ४३ टक्के आहेत, आणि निम्म्याच्या वर मुलं जेवल्याशिवाय भोजनगृह स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. जेवणारे थोडे की दर पानामागचा खर्च जास्त, मग दर्जा उतरतो, मग आणखी मुलं डबा आणतात. हे दुष्टचक्र तोडायला त्यांनी मुख्याध्यापकांना जे पर्याय सुचवले, त्यात डब्यांवर बंदी हाही होता.

म्हणजे बंदीच्या बाजूने एक प्रामाणिक अर्थशास्त्रीय कारण आहे. सगळे एका पंक्तीला बसले तर पंक्तीचा खर्च कमी होतो आणि जेवण सुधारायला पैसा उरतो. लग्नाच्या पंक्तीचा अंदाज बांधणाऱ्या कुठल्याही आचाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण त्या आराखड्यात हा उपाय बाकीच्या दहा गोष्टींसोबत होता: भोजनगृह उजेडाचं करा, रांग कमी करा, शिक्षकांनी मुलांबरोबर बसावं, स्वयंपाक्यांना शिकवा. शिकागोत बंदी एकटीच आली.

मधली वाट आणि तिचे काटे

त्याच शहरात, त्याच बातमीत दुसऱ्या एका शाळेचा उल्लेख होता. शहराच्या दक्षिण भागातल्या क्लेरमॉन्ट अकॅडमीत डबा आणायला परवानगी होती. साखरेने किंवा मिठाने भरलेला खाऊ मात्र शाळा काढून घेत असे आणि शाळा सुटताना परत देत असे. सहलीला सोड्याची बाटली दिसली हा जर प्रश्न होता, तर त्याचं उत्तर एवढंच पुरेसं होतं. बाटली बाजूला काढून ठेवा. घेवडा खाऊ द्या.

तरी मधल्या वाटेलाही खड्डे आहेत, हे पुढच्याच वर्षी उत्तर कॅरोलिनात दिसलं. जानेवारी २०१२ च्या अखेरीस तिथल्या होक परगण्यात बालवर्गातल्या चार वर्षांच्या मुलीच्या डब्यात टर्कीचं मांस आणि चीज घातलेलं सँडविच, केळं, चिप्स आणि सफरचंदाचा रस होता. राज्याचा नियम असा की घरच्या जेवणात ठरलेल्या अन्नगटांपैकी काही कमी असेल तर शाळेने ते पुरवायचं. तपासणीच्या त्या गोंधळात तिला शाळेचं ताट मिळालं. तिने त्यातले कोंबडीचे तीन नगेट खाल्ले आणि सँडविच तसंच घरी नेलं. चार वर्षांच्या पोरीला अन्नगट कळत नाहीत. आईने दिलेलं चुकीचं आहे, एवढंच तिला कळतं.

डब्याचं झाकण उघडून आत काय आहे हे मोठ्या माणसाने तपासणं, आणि तेही इतर मुलांसमोर, यात मुलाची आणि त्याच्या घराची जी अवहेलना होते तिच्याकडे मी फार गांभीर्याने पाहते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, जी डब्याचं झाकण उभं धरून, आडोसा करून खायची. तिच्या डब्यात रोज भाकरी आणि ठेचा असायचा, आमच्या पोळ्यांच्या मधोमध. तिला कुणी काही बोललं नव्हतं, तरी ती लपवायची. तिथे एखाद्या बाईंनी रोज झाकण उघडून शेरा मारला असता तर तिने डबा आणणंच सोडलं असतं. भाकरी-ठेचा काही कमी पौष्टिक नव्हे. पण तपासणाऱ्याच्या डोळ्यांत पोषण आणि प्रतिष्ठा यांची गल्लत पटकन होते.

लिटल व्हिलेजच्या बाबतीत हे जास्त लागू आहे. परक्या देशात आलेल्या आई-बापांच्या मुलांना शाळेत भाषा बदलावी लागते, नावाचा उच्चार बदललेला सोसावा लागतो. घरातली एकच गोष्ट त्यांच्याबरोबर जशीच्या तशी शाळेत येऊ शकते आणि ती डब्यात असते. तीही दारातच थांबवायची असेल, तर कारण फार भक्कम असायला हवं. शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर ते कारण भक्कम आहे. मी स्वतः महिनोन्‌महिने शेंगदाण्याचं कूट न घालता भाजी करून देईन आणि कुरकुर करणार नाही. दुसऱ्याच्या मुलाचा श्वास अडकण्यापेक्षा माझ्या उसळीची चव मोठी नाही. सोड्याची बाटली त्या तोडीची नाही, पण ती बाजूला ठेवायला सांगण्याइतकी वाईट आहे. सबंध डबा बंद करण्याइतकं कारण मात्र या प्रकरणात मला कुठेही सापडलं नाही.

जिथे सक्ती चालते

सक्ती कधीच चालत नाही का? जपानमध्ये चालते. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत जवळजवळ सगळी मुलं शाळेचंच जेवण जेवतात. १९५४ पासून त्याचा कायदा आहे. वर्षानुवर्षं पालक महिन्याला साधारण ४ ते ५ हजार येन भरत होते, आणि त्यातून मुख्यतः सामानाचा खर्च निघायचा, मजुरी आणि स्वयंपाकघर स्थानिक प्रशासन सांभाळतं. पांढरे ॲप्रन घालून मुलंच वर्गात वाढतात. शिक्षक त्याच वर्गात, तेच ताट घेऊन बसतात. २००५ पासून पोषणाचे शिक्षक असं वेगळं पदच आहे. आणि मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेली जबाबदार व्यक्ती ते जेवण खाऊन बघते, नोंद करते, मगच ते वर्गांत जातं.

तिथेही सगळं गोड नाही. ताट संपवलंच पाहिजे म्हणून मुलांना सुट्टीभर बसवून ठेवण्यावर तिथल्या पालकांनी टीका केली आहे, ती रास्तच आहे. पण फरक बघा. जपानच्या शाळेने घरचा डबा नको म्हणताना स्वतःच्या शिक्षकांना त्याच पंक्तीला बसवलं. शिकागोत मुलांनी काय खायचं हे ठरवणारी मोठी माणसं ते खात नव्हती. ज्या अन्नाची सक्ती करायची, ते सक्ती करणाऱ्याने रोज खावं, एवढी एक अट घातली असती तर लिटल व्हिलेजचा नियम सहा वर्षं टिकला असता का, याची मला शंका आहे. किंवा टिकला असता, आणि जेवण सुधारलं असतं.

आपल्या शाळांशी याचा संबंध

ही अट आपल्याला परकी नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहार शिजतो, तिथे चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खिचडी चाखायची आणि वहीत सही करायची. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली, त्यानंतर या चाखण्याचं मोल सगळ्या देशाला कळलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिल्यापासून हा कार्यक्रम वाढत गेला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० आणि २० ग्रॅम, असं त्याचं माप आहे. आणि तिथे डब्यावर बंदी नाही. खिचडी घ्या, सोबत घरची भाकरी आणा, कुणी अडवत नाही. गरिबांच्या म्हणून ज्या शाळांकडे आपण पाहतो तिथे हे शहाणपण आहे.

पॅकेटबंद खाऊचं काय करायचं, यावरही आपल्या नियमांची दिशा मला शिकागोपेक्षा बरी वाटते. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं यांसारखे मीठ, साखर आणि चरबीने भरलेले पदार्थ हटवायचा निर्णय घेतला. २०२० मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. अंमलबजावणी किती होते, ते फाटकाबाहेरच्या टपऱ्या पाहून कुणालाही कळेल. पण बोट विकणाऱ्याकडे आहे, आईकडे नाही, हे महत्त्वाचं.

खासगी शाळांची गोष्ट वेगळी. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी इडली असं वारांचं वेळापत्रक अनेक शाळा पाठवतात. त्यातल्या कित्येक शाळांत शेवटची ओळ असते: अंडी आणि मांसाहारी पदार्थ आणू नयेत. इथे मला बोलणं भाग आहे, कारण ही ओळ पोषणाच्या नावाखाली येते आणि तिचा पोषणाशी काडीचा संबंध नाही. उकडलेलं अंडं हा डब्यात देता येणारा सगळ्यात सोपा, स्वस्त, प्रथिनांचा पदार्थ. वाढत्या मुलाला तेच नको म्हणायचं आणि मैद्याचा पास्ता शुक्रवारचा खाऊ म्हणून चालवून घ्यायचा, हे आहारशास्त्र नव्हे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, त्याला विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. अंड्याला पोषणाच्या तागडीत तोलून हा निकाल लागलेला नाही.

अशी ओळ कुठवर जाऊ शकते, ते सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमरोह्यात दिसलं. डब्यात मांसाहारी बिर्याणी आणली म्हणून सात वर्षांच्या मुलाला खासगी शाळेतून काढलं, अशी आईची तक्रार होती. मुख्याध्यापक आणि आई यांच्यातल्या वादाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. डिसेंबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं की त्या आईच्या तिन्ही मुलांना दुसऱ्या सीबीएसई शाळेत प्रवेश मिळवून द्या. डब्यातल्या एका पदार्थाने तीन भावंडांची शाळा गेली. शिकागोच्या मुख्याध्यापिकांच्या नियमात जात-धर्म नव्हता, चिंता होती. पण घरच्या डब्यात काय असावं हे ठरवायचा हक्क एकदा शाळेच्या हाती गेला की तो चिंतेपाशीच थांबेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. आपल्याकडे तर नाहीच.

शिकागोत पुढे

शिकागोत पुढे काही गोष्टी खरोखर बदलल्या. २०१२ पासून प्राथमिक शाळांचा दिवस सात तासांचा झाला आणि खेळायची सुट्टी परत आली. त्याच वर्षी देशभर शालेय जेवणाचे नवे निकष लागू झाले: फळं आणि भाज्या वाढल्या, कडधान्यांना आठवड्यातून एकदा जागा मिळाली. २०१४-१५ पासून केंद्राच्या एका तरतुदीचा फायदा घेऊन शिकागोने सगळ्या मुलांना, उत्पन्न न विचारता, जेवण मोफत केलं. २.२५ डॉलरचा प्रश्न संपला, आणि मोफत कोण जेवतं, विकत कोण घेतं ही रांगेतली ओळखही पुसली गेली. मुलांना शाळेच्या ताटाकडे आणायचं होतं ना, तर त्यातलं सगळ्यात परिणामकारक पाऊल हे होतं, आणि त्यासाठी एकाही आईचा डबा दारात अडवावा लागत नाही.

आमच्या शाळेच्या यंदाच्या सभेसाठी मी हे प्रकरण लिहून काढलं. मुख्याध्यापिकांना दिलेल्या पत्रात या मागण्या आहेत. पाकिटं आणि बाटल्या शाळेत नकोत, याला माझा पूर्ण पाठिंबा. वारांचं वेळापत्रक सुचवा, सक्तीचं करू नका. अंड्याची ओळ काढा. वर्गात कुणाला वासाचा त्रास होत असेल तर बसायच्या जागेचा विचार करू. आणि मधली सुट्टी २० मिनिटांवरून निदान ३५ करा, त्या वेळात वर्गशिक्षिकांनी आपला डबा घेऊन मुलांमध्ये बसावं. शेवटच्या मागणीवर बाईंनी पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, तासिका कुठली कमी करायची? वेळापत्रक घेऊन बसायचं आम्ही ठरवलं आहे, येत्या शनिवारी.